लिटर मोजले, वासरू कोण मोजणार?

नागपूर जिल्ह्यात मौदा तालुक्यातल्या एका कोठ्यात मी उकिडवा बसलो होतो. हातात शिंप्याची टेप, समोर सहा महिन्यांची जर्सी-संकरित कालवड. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घेतला, ९० सेंटिमीटर. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी, ८०. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १०,८४०, की किलोत वजन निघतं. वजनकाटा नसला तरी अंदाजाला हे सूत्र पुरतं. जमिनीवर काडीनेच हिशेब मांडला: ६० किलो. जन्मली तेव्हा २५-२६ किलोची असणार. म्हणजे सहा महिन्यांत जेमतेम ३४ किलो, दिवसाला २०० ग्रॅमसुद्धा नाही. संकरित कालवडीला दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम वाढ हवी, तर ती दीड-पावणेदोन वर्षांत गाभण राहायच्या लायकीची होते.

"दूध त मस्त देते साहेब हिची माय," मालक म्हणाला, "पण हे पोट्टं नुसतं पाहत रायते. खात नाई, धरत नाई."

माय दोन वेळचं मिळून नऊ लिटर देत होती. वासराला किती सोडता, असं विचारलं तेव्हा त्याने एका सडाकडे बोट दाखवलं. तेही धार काढून झाल्यावर. गव्हाणीत तणस होती, म्हणजे धानाचा पेंढा, पिवळी, कोरडी, न कापलेली. मालक कंजूष नव्हता. मुलीच्या कॉलेजची फी त्याच दुधातून जात होती.

याच जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून माझी नोकरी गेली. कृत्रिम रेतन मी स्वतः हजारो गाईंना केलं आहे. नायट्रोजनच्या डब्यातून, उणे १९६ अंशांतून, वळूच्या गोठवलेल्या वीर्याची ती बारीक कांडी काढायची, कोमट पाण्यात धरायची, गन भरायची आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. किती गाई भरल्या, किती गाभण राहिल्या, किती वासरं झाली, हे मला विचारलं जायचं आणि मी कळवायचो. झालेलं वासरू सहा महिन्यांनी किती किलोचं आहे, हे मला कधी कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मी आहे.

नागपुरात गाईचा विषय निघाला की दोन फळ्या उभ्या राहतात. एक म्हणते, धंदा करायचा तर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) नाहीतर जर्सी, देशी गाय पाळणं हा श्रीमंतांचा छंद. दुसरी म्हणते, जर्सी ही मुळात गायच नव्हे, संकराने आमचं गोधन बाटवलं. दोघांचा आवाज मोठा आणि दोघांचंही लक्ष गाईवर. पहिल्याला तिचं दूध हवं, दुसऱ्याला तिचं पावित्र्य. वासरू खुंट्याला बांधलेलं असतं, ते दोघांनाही दिसत नाही. माझं म्हणणं असं, की संकर चांगला की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या चाऱ्यावर, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि ते उत्तर बादलीत शोधायचं नसतं, वासराच्या अंगावर शोधायचं असतं.

ही अक्कल मला उशिरा आली आणि ती एका परदेशी प्रयोगाबद्दल वाचून आली, हे कबूल करतो.

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात १९९० च्या आसपास काही पशुशास्त्रज्ञांनी गाईंचे चार गट केले. शुद्ध अँगस, शुद्ध ब्राह्मण (ही दोन्ही गाईंच्या जातींची नावं), अँगस बाप आणि ब्राह्मण आईच्या लेकी, आणि याच्या उलट जोडीच्या लेकी. मग प्रत्येक गटातल्या काही गाई एका प्रकारच्या कुरणावर सोडल्या, काही दुसऱ्या. पहिलं कुरण बर्म्युडा गवताचं. नाव परकं वाटतं, पण ही आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. दुसरं कुरण 'टॉल फेस्क्यू' नावाच्या गवताचं. या गवताच्या आत एक बुरशी राहते, डोळ्यांना न दिसणारी. तिच्यामुळे गवत चिवट होतं, दुष्काळ आणि किडी सोसतं; पण खाणाऱ्या गाईच्या रक्तवाहिन्या आखडतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, खाणं कमी होतं, दूध आटतं आणि वासरू हलकं राहतं. एक बरं कुरण, एक वाईट कुरण.

संकराचा फायदा दोन्हीकडे दिसला. पण वाईट कुरणावर तो अधिक दिसला. शास्त्रात याला संकरज ओज म्हणतात: दोन लांबच्या कुळांची गाठ पडली की पहिल्या पिढीत आईबापांच्या सरासरीपेक्षा जास्त जोम येतो. अँगस ही स्कॉटलंडची, बिनवशिंडाची, ब्राह्मण वशिंडाची. ही दोन कुळं इतकी लांबची, की गाठ पडल्यावर जोमही तसाच आला. आणि जिथे अन्न बाधत होतं, ऊन बाधत होतं, तिथेच तो जोम कामाला आला.

वरवर पाहिलं तर संकरवाल्यांनी पेढे वाटावेत अशी ही गोष्ट आहे. विदर्भाचा चारा वाईट, ऊन प्रचंड, मग संकरच हवा! मीही वाचताना आधी असाच खूश झालो होतो. नंतर मात्र डोक्यात एक प्रश्न शिरला आणि तो अजून बाहेर पडलेला नाही. तिथे चिवटपणा कुणाच्या रक्तातून आला?

ब्राह्मण ही जात अमेरिकेत तयार झाली, पण तिचं रक्त इथलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत भारतीय वळू बोटीने तिकडे गेले. त्यात गीर होते, कांकरेज होते, आणि ओंगोल होते, ज्यांना तिकडे नेल्लोर म्हणतात. ब्राझीलच्या मांसाच्या धंद्याचा कणा आज हीच 'नेलोर' आहे. आता आपल्या वर्धा-नागपूरची गवळाऊ ओंगोलच्या शेजारी उभी करून पाहा: तोच पांढरा-राखी रंग, तेच लांब तोंड, गवळाऊ तेवढी अंगाने सडपातळ. पशुशास्त्राच्या जुन्या पुस्तकांनीही हे साम्य आवर्जून नोंदवलं आहे. आर्कान्साच्या वाईट कुरणावर वासरू तगवणारं अर्धं रक्त आपल्या गवळाऊच्या भावकीतलं होतं!

तिथली गाय नाजूक होती, म्हणून त्यांनी आपल्याकडचं काटक रक्त घेतलं. आपली गाय काटक होती, आपण त्यांच्याकडचं दुधाळ पण नाजूक रक्त घेतलं. पहिल्या पिढीपर्यंत दोघांचा हिशेब सारखाच, अर्धं-अर्धं. खरी गंमत दुसऱ्या पिढीपासून सुरू होते. अमेरिकन गुराखी कुरण जितकं वाईट तितकं काटक रक्त वाढवत नेतो. आपण तणस खाणाऱ्या गाईलाही पुन्हा एचएफच भरतो.

गणित सोपं आहे. गावठी गाईला एचएफची कांडी भरली, कालवड झाली, ती अर्धी एचएफ. तिला पुन्हा एचएफ भरली तर तिची लेक ७५ टक्के. तिला परत, तर नात ८७.५ टक्के. विदेशी रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या वर नेऊ नये, हे आपल्याकडचे तज्ज्ञ कित्येक वर्षांपासून सांगत आले आहेत. पण गाय माजावर येते पहाटे, रेतन करणारा पोचतो दुपारी, आणि डब्यात जी कांडी असेल ती भरली जाते. गाय आधीच किती टक्क्यांची आहे हे मालकाला माहीत नसतं, भरणाऱ्याला विचारायला वेळ नसतो. मी स्वतः कितीदा म्हटलं असेल, "एचएफ हाये, भरू का?" समोरून नाही असं उत्तर मला आठवत नाही.

आणि एचएफला बरं वाटतं ते २५ अंशांच्या आत. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा. पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता ७५ टक्क्यांची गाय जीभ बाहेर काढून धापा टाकताना पाहिली, की टक्केवारी म्हणजे काय ते कळतं. ती खात नाही, म्हणून दूध कमी. दूध कमी म्हणून आधी वासराचा वाटा कापला जातो.

अमेरिकेतला प्रयोग मात्र आहे तसा उचलून इथे लावता येत नाही, हेही सांगायला हवं. तिथे वासरू आईचं सगळं दूध पितं, कारण तिथे पीक वासराचंच. ते मांसासाठी वाढवतात, आणि २०५ दिवसांचं वजन काय, यावर गाईची आणि वळूची लायकी ठरते. म्हणून तिथे दूध वाढलं की वासरू आपोआप वाढतं. आपल्याकडे गाईचं दूध वाढलं की ते डेअरीच्या कॅनमध्ये जातं. आई दुधाची आणि लेकरू उपाशी, ही जोडी तिथे जमणारच नाही. इथे ती घरोघरी आहे.

देशी गाईचा एक दुर्गुण आम्ही पशुवैद्यक मंडळी नेहमी सांगायचो: वासराशिवाय ती पान्हा सोडत नाही. वासरू मेलं की गाय आटली. संकरित गाय मात्र वासरू नसलं तरी धार देते, केवढी सोय! आता वाटतं, तो पान्हा म्हणजे वासराचा विमा होता. मालकाला दूध हवं असेल तर वासरू जगवावंच लागायचं, पुढचे दोन घोट त्याला द्यावेच लागायचे. आम्ही गाय सुधारली आणि वासराचा विमा काढून घेतला. त्यात गावोगावची जुनी समजूत, वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही. पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला तरच त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं वासराला नीट लागू पडतात. दिवस उलटला की आतड्याची ती दारं बंद होतात. घरात खरवस होतो आणि कोठ्यात वासरू हगवणीने जातं. यात दोष ना जर्सीचा ना गवळाऊचा, पण असं वासरू कोणत्याही जातीचं असलं तरी वाढणार नाही.

आता नागपूर जिल्ह्याकडे चाऱ्याच्या नजरेने पाहू. नकाशावर एक जिल्हा आहे, गुरांच्या तोंडाला किमान तीन.

पूर्वेकडे मौदा, कुही, रामटेकचा सखल भाग. हा धानाचा पट्टा. चारा म्हणजे तणस. तणसात प्रथिनं तीन-चार टक्क्यांच्या वर नाहीत, आणि सिलिका इतकी की गुराचं पोट भरतं, अंग भरत नाही. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवायचा, की ती जरा पचनी पडते. हे प्रात्यक्षिक मी गावोगाव केलं. टाळ्या पडल्या, चहा झाला, पुढच्या वर्षी एकाही कोठ्यात ते दिसलं नाही. बाईमाणसांच्या मागे आणखी एक काम लावणारी योजना टिकत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय ती तणस लहान वासराला चालतही नाही. या पट्ट्यात नऊ लिटरची गाय पोसायची म्हणजे ढेप (सरकीची पेंड) विकत आणायची, आणि ढेपेचा भाव वाढला की दुधाचा हिशेब तोट्यात.

पश्चिमेकडे काटोल, नरखेड, कळमेश्वर. संत्रा, कापूस, तूर, सोयाबीन. इथे कुटार (मळणीनंतरचा भुसा) आहे, सरकीची ढेप जवळ आहे, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याच्या बांधावर नेपिअर, लसूणघास उगवतो. विहिरींची पातळी खाली चालली आहे हे खरं, पण हिरवा चारा करायची ऐपत असलेला शेतकरी या भागात भेटतो. एक चांगला चारा मात्र इथून गेला, तो म्हणजे ज्वारीचा कडबा. सोयाबीन आलं, ज्वारी हटली, आणि गाईच्या ताटातली भाकरीच गेली. सोयाबीनच्या कुटारात ती गोडी नाही. गाय ते खाते, पण कडब्याच्या पेंढीकडे जशी मान वळवायची तशी वळवत नाही.

उत्तरेकडे पारशिवनी, देवलापारचा सातपुड्याच्या पायथ्याचा भाग. इथे गुरं अजून चरायला जातात. सकाळी आखरावर गावाची गुरं जमतात आणि गायकी ती घेऊन जंगलाकडे निघतो. पावसाळ्यात मारवेल, पवन्या कोवळं असतं, दिवाळीनंतर कुसळ धरते आणि गुरांच्या ओठांत, कातडीत घुसते. रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं दरवर्षी आणखी थोडं गवत गिळतात. पेंचच्या बाजूला वाघ, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत चराईला बंदी. इथल्या गाईला दिवसाला पाच-सात किलोमीटर चालावं लागतं, ऊन सोसावं लागतं, गोचीड सोसावे लागतात. संकरित गाय या कळपात पाठवा, तिसऱ्या दिवशी ती मागे राहते. गोचिडाने पसरणारा थायलेरिया तिला जितका लवकर धरतो तितका गावठी गाईला धरत नाही.

याच भागातल्या एका पाड्यावर मी तीच टेप घेऊन गेलो होतो. गवळाऊच्या वळणाची गाय, तिचं सहा महिन्यांचं वासरू. घेर ९७, लांबी ८२. वजन निघालं ७१ किलो. जन्मताना २० किलोच्या वर नसणार. म्हणजे रोज २८० ग्रॅमच्या आसपास. मौद्याच्या कालवडीपेक्षा जास्त, आणि खर्च शून्य. दोन वासरांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. या गाईचं दूध दीड-दोन लिटर, त्यातलं अर्धं वासराला, म्हणून ते वाढलं, हेही कळतं. पण माझा मुद्दा हाच आहे: अशी दोन हजार वासरं मोजली असती तर आज भांडायची वेळ आली नसती. आपल्याकडे आकडा नाही म्हणून आवाज आहे.

आधी ठरवून नंतर चारा शोधण्याचा खेळ विदर्भाने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. शेतकरी आत्महत्यांनंतर २००६ साली सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं. वर्धा त्यात होता, नागपूर नव्हता. त्यातून कोरडवाहू शेतकऱ्यांच्या दारात दुधाळ संकरित गाई आल्या. गाय माणसांपेक्षा जास्त खाते, अशी तक्रार तेव्हा गावोगाव ऐकू आली. अनेकांनी त्या विकल्या, काहींनी देऊन टाकल्या. गाय वाईट नव्हती. तिला लागणारं हिरवं रान पॅकेजमध्ये नव्हतं.

आता गोऱ्ह्याबद्दल. संकराच्या बाजूने बोलणारे याविषयी बोलत नाहीत, आणि विरोधात बोलणारे बोलतात ते अर्धंच. एचएफ-संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यातच जमा; जू मानेवर बसत नाही, दुपारच्या उन्हात तो वखराला चालत नाही. ट्रॅक्टर आल्यावर तशीही बैलाची गरज घटली. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात इथे वाद घालत नाही. पण त्याचा परिणाम कोठ्यात काय झाला ते पाहिलं आहे. ज्याला जोत नाही, ज्याला बाजार नाही, त्याला दूध कोण पाजेल? तो खुंट्यालाच वाळतो, नाहीतर रात्री कुणीतरी हायवेच्या कडेला सोडून येतं. २०१९ च्या पशुगणनेत देशातला नर गोवंश आधीच्या, २०१२ च्या, गणनेपेक्षा ३० टक्क्यांनी घटलेला दिसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो, पोरं सजवलेले लाकडी बैल ओढत नेतात. काही गावांत पोळ्याच्या तोरणाखालीच आता मोजके बैल उभे राहतात, आणि तान्ह्या पोळ्याला रस्ता भरून जातो.

लिंगनिश्चित रेतमात्रा हा यावरचा सरकारी उतारा: दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. उतारा चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याने गोऱ्ह्याचा प्रश्न सुटतो, कालवडीच्या भुकेचा नाही. ९० टक्के कालवडी झाल्या आणि त्या सगळ्या माझ्या मौद्याच्या कालवडीसारख्या तीन-साडेतीन वर्षांनी पहिल्यांदा गाभण राहिल्या, तर आपण मिळवलं काय?

दुसऱ्या फळीकडेही वळायला हवं, कारण तिथे हल्ली सरकारही उभं आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्याने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. भाकड गाईच्या पोटात त्यातून चारा जात असेल तर माझी तक्रार नाही. पण 'देशी' म्हणजे नेमकं काय? नागपूरच्या आजूबाजूला देशीचा नवा शौक म्हणजे गीर. गुजरातेतून आणलेली, लोंबत्या कानांची, दीड-दोन लाखांची. गावठी गाईलाही लोक गीरची कांडी भरतात आणि आम्ही देशी वाढवली म्हणतात. अहो, हाही संकरच आहे! काठेवाडच्या गाईचा पूर्व विदर्भातल्या गाईशी. ऊन ती जर्सीपेक्षा नक्कीच जास्त सोसते, पण इथलं कुसळीचं रान तिच्या आज्या-पणज्यांनी चरलेलं नाही. आणि ज्यांच्या आज्यांनी ते चरलं, ती आर्वी-आष्टी-कारंज्याची गवळाऊ, जिला नंद गवळ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळलं, जिचे बैल चालायला हलके आणि वेगवान म्हणून मराठ्यांच्या फौजांबरोबर डोंगरांतून ओझी वाहत गेले असं सांगतात, तिची कांडी मागावी तर मिळत नाही. मी मागितली आहे. "साहेब, गीर हाये, सायवाल हाये, गवळाऊचं पाहावं लागेल." ते पाहणं मी निवृत्त होईपर्यंत चाललं. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी प्रक्षेत्र आहे, पूर्व विदर्भाच्या कठाणी जातीलाही अलीकडे अधिकृत नोंद मिळाली आहे. कागद आहे, वळू कुठे आहे?

शिवाय चरणारी गाय हवी असेल तर चरायला जागा हवी. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' नावाची जमीन आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातला हा शब्द, प्रत्यक्षात गावाची गुरं चारायची खुरटी झुडपांची रानं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानली जाईल असं सांगितलं. ८६ हजार हेक्टरांच्या घरातला हा मामला आहे. प्लॉट पाडणाऱ्यांना त्याने चाप बसेल, म्हणून मला तो निकाल आवडला. आता त्या रानात गवत वाढेल की रायमुनिया, आणि गायकीला आत जाऊ देतील की दंडाची पावती फाडतील, यावर पारशिवनीच्या वासराचं वजन ठरणार आहे. रेतनाचं धोरण ठरवणाऱ्या बैठकीत वनखात्याचा माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे आणि ते दोन्ही फळ्यांना आवडणार नाही. पैदाशीचं धोरण राज्याला एक, जिल्ह्याला एक असं नको. चाऱ्याच्या पट्ट्याला एक असावं. काटोलच्या ओलिताखालच्या शेतकऱ्याला एचएफ जरूर द्या, ६२.५ टक्क्यांच्या आत, आणि गोमातेच्या नावाने त्याला लाजवू नका. मुलं त्याचीही शिकतात. मौद्याच्या तणसावर अर्ध्या रक्ताची जर्सी, त्याच्या पुढे सलग जर्सी नाही. तिच्या लेकीला पुन्हा जर्सी न भरता गवळाऊ भरायची, तिच्या लेकीला परत जर्सी. आळीपाळीने असं करत गेलं तर रक्त एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांशच्या मध्ये झुलत राहतं आणि संकरज ओजाचा दोन-तृतीयांश भाग टिकतो. गवळाऊच्या पाळीत दूध कमी होणार, हे मी लपवत नाही. पण तणसावरची ७५ टक्क्यांची गाय तरी कुठे कागदावरचं दूध देते? दुसऱ्या वेतानंतर ती गाभण न राहता उलटत राहते, भाकड दिवस वाढतात, आणि तो तोटा लिटरच्या हिशेबात कुणी धरतच नाही. देवलापारच्या चरणाऱ्या कळपात तर परदेशी कांडी नेऊच नये. तिथे निवडलेला गवळाऊ वळू द्या, गावाच्या मालकीचा, आणि त्याच्या लेकींची वाढ मोजा.

आणि मोजणं सगळीकडे. हल्ली प्रत्येक गुराच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो, मोबाइलवर त्याची नोंद असते. कोणत्या वळूची कांडी, कोणत्या तारखेला भरली, सगळं त्यात असतं. त्याच नोंदीत सहाव्या महिन्याचा छातीचा घेर आणि लांबी हे दोन रकाने का नसावेत? पाच मिनिटांचं काम. तीन वर्षांत एकट्या नागपूर जिल्ह्यात कळेल, कोणत्या वळूची लेकरं तणसावर वाढतात आणि कोणत्या वळूची फक्त ढेपेवर. पशुवैद्यकांचं विद्यापीठ याच शहरात, फुटाळ्याच्या रस्त्यावर आहे. आकडे लावायला आर्कान्साला जायची गरज नाही.

मौद्याच्या त्या कोठ्यात निघताना मी टेप तिथेच ठेवून आलो. मालकाची कॉलेजात जाणारी मुलगी बाहेर आली, तिने सूत्र मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि विचारलं, "सर, शेजारच्यांची कालवड पण मोजली त चालते ना? तिला दोन सड सोडतात ते."